फेंडरवर डाग नव्हता

लडकू मिस्त्रीने ती गाडी भंगारवाल्याकडून उचलली तेव्हा भिवंडीतलं अख्खं टेमघर हसलं होतं. सत्तावन्न सालची शेवरलेट, अमेरिकन. पत्र्याला भोकं, सीटमध्ये उंदरांचा संसार. "लडक्या, हिच्यात कोंबड्या पाळ," असं लोक तोंडावर म्हणाले. लडकूने ऐकून घेतलं. मग तो आणि त्याची पोरगी सुकन्या, दोघं लागले कामाला. पत्रा ठोकला, इंजिन उतरवून पुन्हा चढवलं, आकाशी रंग मारला. आणि आज पूर्वाच्या लग्नाला नवरी त्याच गाडीतून हॉलवर निघणार म्हटल्यावर, काल हसणारेच आज गाडीला टेकून सेल्फी काढत होते. माणसाची जात बघा!

पूर्वा म्हणजे लडकूच्या बहिणीची, काशीची मुलगी. गॅरेज काशीच्याच घरामागे, त्यामुळे गाडी मांडवातूनच निघायची होती. नवरी मागच्या सीटवर बसली, मामा स्टेअरिंगवर बसला, बेंजोवाल्यांनी सुरुवात केली. सुकन्या नवी साडी खोचून फडक्याने शेवटचा हात फिरवत होती. पुढच्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, तिला तेलाचे तीन-चार धुळकट थेंब दिसले. कालचे थेंब! ब्रेकमध्ये तेल भरताना डबा फेंडरवरून नेला होता, तेव्हाचे. तेवढ्यात हळदीला हाक आली आणि पुसायचे राहून गेले.

ब्रेक ऑइल म्हणजे रंगाचा वैरी. थेंब पडून राहिला की रंग फुगतो आणि पापुद्रा सुटतो, हे गॅरेजात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. आता बाबा सोलून काढणार, असं मनाशी म्हणत तिने भीत भीत फडकं फिरवलं.

थेंब गेले. खाली रंग जसाच्या तसा. फोड नाही, डाग नाही, काही नाही.

दुसरी कुणी असती तर तिने गावदेवीला नारळ बोलला असता. सुकन्याला मात्र दरदरून घाम फुटला. रंगाला काहीच झालं नाही, म्हणजे ते ब्रेक ऑइल नव्हतंच.

तिच्या फडक्याखालून गाडी पुढे सरकली. बापाने हॉर्न दिला, पोरं नाचायला लागली. सुकन्याने तोंड उघडलं, "बा..." आणि मागून काशीआत्याचा हात तिच्या तोंडावर आला, बांगड्यांसकट.

"मागनं हाक नको मारू गो! नवरी निघाली. निघालेल्याला टोकायचं न्हाय, माहीत न्हाय तुला?"

सुकन्या गप्प बसली. आत्याने हात काढला तरी गप्पच. गाडी नाचणाऱ्या पोरांमागून गोगलगायीच्या गतीने चालली होती, चार पावलं पळाली असती तर खिडकीशी पोचली असती. ती पळाली नाही. स्वतःशी म्हणाली, आधी खात्री करू. उगाच भरल्या लग्नात तमाशा नको.

ती गॅरेजात गेली. फळीवर ब्रेक ऑइलचे दोन डबे शेजारी शेजारी, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. एकाचं सील शाबूत होतं. दुसरा उघडा, तळाशी थोडं उरलेलं. तिने ते पाण्याच्या बादलीत ओतलं. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. हे वर तरंगत राहिलं, गोल गोल, चकाकत.

लूमचं तेल!

शेजारच्या चिंधूकाकांच्या पॉवरलूमचं, कापड विणायच्या मागाचं. आता भिवंडीत लूमचं तेल कुणाच्या घरात नसतं? दाराच्या बिजागरीला तेच, शिलाई मशीनला तेच, सायकलच्या चेनला तेच. गंजलेले नट सोडवायला म्हणून तिनेच ते मागे आणलं होतं, तिच्याच हातांनी, ब्रेक ऑइलच्या रिकाम्या डब्यात. आणि काल, सगळं घर "चल लवकर, चल लवकर" करत असताना, तोच डबा उचलून चारही चाकांच्या नळ्या तिने भरल्या होत्या.

पुढचं तिला कुणी सांगायला नको होतं. त्या तेलाने ब्रेकमधली रबरं फुगतात. फुगली की दाबलेला ब्रेक नीट सुटत नाही, चाकाला घासत राहतो. घासून घासून तापतो. आणि तापून लाल झालेला ब्रेक उतारावर कितीही दाबा, धरत नाही. आजकालच्या गाडीत एक बाजू गेली तर दुसरी बाजू सांभाळते. या म्हातारीला चारही चाकांना मिळून एकच टाकी. गेलं तर सगळंच गेलं. हॉलच्या वाटेवर पूल होता, आणि पुलाच्या उतारावर, खाली, रात्रंदिवस कंटेनर उभे.

तिने बापाला फोन लावला. फोन गॅरेजातच वाजला, खिळ्याला टांगलेल्या कामाच्या शर्टात. पूर्वाचा फोन आत्याच्या पर्समध्ये होता.  स्कूटरची चावी दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा कुठे भोकात गेली.

रस्त्यावर तिला आपलाच श्वास ऐकू येत होता. टेम्पो, रिक्षा, सुताच्या गाठी लादलेल्या हातगाड्या, सगळ्यांना आजच मुहूर्त सापडला होता. "अरे बाजू व्हा ना! बाजू हटो भाई!" ती ओरडत होती, रडत होती, साडीचा पदर चाकात जाईल म्हणून दातात धरत होती. देवा, पुलाच्या अलीकडे गाठू दे. देवा, बाबाला काही होऊ देऊ नकोस. देवा, पूर्वाच्या अंगाला तर अजून हळदीचा वास येतोय.

बेंजोवाले नाक्यावर दिसले, वाद्यं टेम्पोत चढवत. म्हणजे वरात मोकळी झाली होती आणि गाडी पुढे निघाली होती. त्यांच्यातला एक जण हसत म्हणाला, "मिस्त्रीनी धूर काढला बघ गाडीचा!" त्याला वाटलं, मोठीच तारीफ केली.

पुलाच्या चढावर तिला वास आला. जळक्या ब्रेकचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर सुटत नाही. वर पोचली तर आकाशी गाडी उताराला लागलेली, चारही चाकांतून पांढरा धूर, आणि मागच्या काचेतून पूर्वाचं मुंडावळ्या बांधलेलं डोकं इकडून तिकडे आपटत होतं.  सुकन्याने स्कूटर पिळली आणि बापाच्या खिडकीशी नेऊन भिडवली.

"बाबा! ब्रेक न्हाय! गिअर खाली घ्या, गिअर!"

लडकूने तिच्याकडे पाहिलं. तसा चेहरा तिने बापाचा कधी पाहिला नव्हता. उजवा पाय पेडलवर रोवलेला, अंग सीटवरून उचललेलं. त्याने स्टेअरिंगजवळचा गिअरचा दांडा खाली ओढला, इंजिन किंचाळलं, गाडीने गचका खाल्ला आणि थोडी दबली. थोडीच. समोर कंटेनर, शेजारी गोदाम, आणि गोदामाच्या दारात हमाल ट्रकमधून कापडाच्या गाठी उतरवत होते.

"हटो! हटो!" सुकन्या बेंबीच्या देठापासून ओरडली. हमाल पांगले. लडकूने गाडी गाठींत घातली.

आवाज असा काही मोठा आला नाही. नुसता धप्प. 

पूर्वा रडत रडत स्वतःच्या पायांनी बाहेर आली तेव्हा सुकन्याच्या जिवात जीव आला. लडकूचं कपाळ फुटलं होतं. तो दार उघडून तिथेच, सीटच्या काठावर, पाय बाहेर सोडून बसला. हमालांनी पाणी आणलं. गाडीचं नाक आत गेलं होतं, एक दिवा लोंबत होता, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड होती!

मागून रिक्षाने काशीआत्या आली. लेकीला चाचपून झाल्यावर ती सुकन्याकडे वळली.

"हाक मारलीस ना मागनं? सांगत व्हते मी! तोंडावर हात ठेवला तरी 'बा' म्हणालीस. त्या अर्ध्या शब्दानंच घात केला!"

भोवतीच्या बायकांनी माना हलवल्या. आणि क्षणभर, खरं सांगायचं तर, सुकन्याला ते बरं वाटलं. अर्ध्या शब्दाचा दोष! केवढीशी ती गोष्ट. चार दिवस बोलणी खाल्ली की झालं. चाकं थंड होतील, तेल सांडून जाईल, आणि ब्रेक जुने होते म्हटलं तर कोण विचारतंय?

लडकू खाली वाकला. चाकाच्या मागे ओघळलेलं तेल बोटावर घेऊन त्याने चोळलं, वास घेतला. मग मान वर करून लेकीकडे पाहिलं.

"लूमचं," तो म्हणाला.

"हो बाबा. मीच भरलं. डबा चुकला."  पुलावर वाटली नव्हती एवढी भीती आता वाटत होती.

"समजलं कवा?"

इथे खोटं बोलायला जागा होती. बादलीचं सांगता आलं असतं. आत्याच्या हाताचं सांगता आलं असतं.

"गाडी हलली तेव्हाच."

 पूर्वाने रडणं थांबवलं.

"मग?"

"आत्यानं हात काढला होता, बाबा. मला पळत येता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा ब्रेकला हात लावू दिला नसता. आजवर कुणालाच दिला नाहीत, मला दिला, आणि मी..."

लडकू रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने कपाळावरचं रक्त बाहीला पुसलं.

"नाक्यापासनं पेडल कडक लागत व्हतं," तो म्हणाला. "गाडीपण जड चालत व्हती. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी तिथंच उतरून चाकाला हात लावला असता." त्याने बोटावरचं तेल विजारीला पुसलं. "मी पूर्वाला म्हटलं, बघ पोरी, माझ्या सुकन्याचा ब्रेक. कसा टाइट केलाय!"

सुकन्या त्याच्यासमोर रस्त्यावरच बसली. पेडल दाबून धरणारा त्याचा उजवा पाय अजून थडथडत होता. तिने तो दोन्ही हातांनी गुडघ्याशी घट्ट धरला. पाय काही थांबेना, आणि तिला सोडवेना.