निळ्या पट्टीची पुस्तकं

लहान पुस्तकं हातात दिसली की शाळाही लहान दिसते, हा शोध नवप्रभात प्राथमिक शाळेचे हेडमास्तर चंपतराव यांनी लावला. सन चौऱ्याहत्तरच्या जुलैत लावला, आणि त्याच दिवशी शाळेत आलेल्या नव्याकोऱ्या पुस्तकांपैकी निम्मी कपाटात कुलूपबंद झाली.

शाळा हिंगणा रोडच्या अंगाला, कारखान्यातल्या कामगारांच्या वस्तीत. त्या वर्षी वरच्या कचेरीतून एक पेटी आली. पेटीत सोळा-सोळा पानांची छोटी पुस्तकं, सहा पायऱ्यांची, आणि प्रत्येक पायरीच्या पाठीवर वेगळ्या रंगाची पट्टी. लाल पट्टीच्या पहिल्या पायरीत काना नाही, मात्रा नाही. नळ, घर, मगर, बस, एवढंच. निळ्या पट्टीच्या दुसऱ्या पायरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार. असं चढत चढत पाचवीत जोडाक्षरं आणि सहावीत सलग मोठी गोष्ट. ज्या लेकराला जिथे जमेल तिथून त्यानं सुरू करायचं, आणि जमलं की पुढची पायरी घ्यायची. ज्या कुणी हे बेतलं त्याच्या डोक्यात अक्कल आणि पोटात माया दोन्ही असणार, असं दुसरीच्या वर्गाच्या प्रेमलताबाईंना पेटी उघडताक्षणी वाटलं.

चंपतरावांना मात्र भलतीच काळजी पडली. "दुसरीचे पोट्टे 'नळ बघ, घर बघ' वाचताना दिसले तं तपासणीवाला काय म्हणन? शाळेची इज्जत काय राहिली? तुम्ही सरळ पाचवी पायरी घ्या, बाई."

"पण गुरुजी, अर्ध्या वर्गाला अजून काना येत नाही."

"येते सारं. पाठ केलं की येते."

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे चंपतरावांना कोण सांगणार? रोजचा शेवटचा तास त्यांनी स्वतःच घ्यायला सुरुवात केली. पद्धत आपली नेहमीची. एक पोट्टी पुढे उभी करायची, तिनं एक ओळ म्हणायची, मागून चाळीस जणांनी तीच ओळ छत उडेल अशी ओरडायची. पुढे उभी राहायची नीला. आवाज खणखणीत, आणि एकदा ऐकलेलं विसरायची नाही. दिवाळीपर्यंत अख्खा वर्ग पाचव्या पायरीची चारही पुस्तकं घडाघडा म्हणू लागला. समोर पान कोणतं उघडं आहे याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. प्रेमलताबाईंनी एकदा फळ्यावर 'ताट' लिहून नीलाला विचारलं, तर ती फळ्याकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. बाई आधी म्हणतील आणि मग आपण म्हणायचं, एवढंच बिचारीला शिकवलं होतं. यात त्या लेकराचा दोष कवडीचाही नव्हता.

आणि प्रेमलताबाई गप्प बसल्या, हेही सांगून टाकलेलं बरं. नोकरी तात्पुरती होती. दर जूनला ती पुढे चालू राहायची ती चंपतरावांच्या शिफारशीवर. बाईंना चीड यायची, शेवटच्या तासाला कान किटायचे, आणि त्या वर्गाबाहेर उभ्या राहून हजेरीपटावर रेघा मारत राहायच्या. स्वतःचाही त्यांना तितकाच राग यायचा.

या साऱ्या गर्जनेतून एकच मुलगी सुटली, ती गोपिका. शहाणी होती म्हणून नव्हे, तर दसऱ्यापासून दोन महिने ती आईबरोबर गावी, घरच्या कापसाच्या वेचणीला गेली होती म्हणून. परत आली तेव्हा वर्ग पाचवी पायरी गाजवत होता, आणि ही मागच्या रांगेत तोंड मिटून बसली होती. आठवडाभरानं तिची आई इंदूबाई शाळेच्या दारात आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, इचा बाप म्हणते, पोरगी वरच्या वर्गात गेली तं शिकवतो. मागं बसवली तं गावाले आजीपाशी धाडतो, लहान्या भावाले तरी सांभाळन. मी त्याले काय सांगू? तुम्हीच बोला."

"तिला काही दिवस मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसू द्या," बाई म्हणाल्या.

पुस्तकांना वाळवी लागते, ऊन दाखवायला पाहिजे, असं कारण काढून बाईंनी कपाट उघडून घेतलं आणि लाल पट्टीचं एक पुस्तक पिशवीत घातलं. शाळेच्याच पुस्तकाची शाळेतच चोरी करायची वेळ बाईंवर आली होती. गोपिकेनं तीन आठवड्यांत लाल पट्टी संपवली, आणि पुन्हा वाळवीचं निमित्त काढून बाईंनी निळी आणली. जानेवारी संपत आला तेव्हा ती निळ्या पट्टीत होती. अक्षराखाली बोट ठेवायची, थांबायची, ओठ हलवायची आणि मग शब्द बाहेर काढायची. सावकाश वाचायची खरी, पण वाचायची. तेलाच्या डब्यावरचं वाचायची, किराणा दुकानाच्या पाटीवरचं वाचायची. एकदा शेवटच्या तासानंतर ती बाईंकडे आली आणि हळूच म्हणाली, "बाई, नीला म्हणून राहिली होती जत्रा, अन् पानावर तं विहीर आहे. थे काहून?"

 चाळीस मुलांच्या वर्गात पानावर काय आहे हे बघणारं एकच लेकरू, आणि सारी शाळा त्याला ढ म्हणत होती.

फेब्रुवारीत तपासणीची तारीख आली, आणि बाईंनी पिशवीतली पुस्तकं गुपचूप कपाटात परत ठेवली. आदल्या दिवशी चंपतरावांनी बाईंना बोलावलं. "त्या गोपिकेले उद्या घरीच ठेवा. पोट दुखते म्हणा, ताप आहे म्हणा. अन् हो, मी कचेरीले लिहून दिलं, आमची शाळा खालच्या तीन पायऱ्या कधीच ओलांडून गेली. साहेब ती पुस्तकं घेऊन जातीन, दुसऱ्या गरजू शाळेले देतीन. आपलं नाव होते."

"गुरुजी, ती पुस्तकं आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत!"

"म्हणून तं कोरी राहिली! साहेब खूश होतीन."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवण झालेलं नसताना ताटं उचलून नेणारा माणूस वर ढेकर देऊन दाखवतो, तसलाच हा प्रकार. त्यांनी इंदूबाईकडे निरोप काही दिला नाही. दुसऱ्या दिवशी गोपिका तेल लावून, वेण्या घालून, पहिल्या घंटेच्या आधी शाळेत हजर होती. तिला बघून चंपतरावांनी बाईंकडे असा कटाक्ष टाकला की दुसरं कुणी असतं तर तिथेच राजीनामा लिहिला असता.

तपासणीचे साहेब मनोहरराव कडक इस्त्रीचे, खिशाला दोन पेनं लावलेले गृहस्थ होते. आपल्या हस्ताक्षराचा त्यांना भारी अभिमान. शेरेबुकात लिहायचे ते फळ्यावर लिहिल्यासारखं मोठं, सुटसुटीत. आल्या आल्या त्यांच्या शिपायानं कपाटातली लाल, निळी आणि पिवळी पट्टी पेटीत भरली, सुतळीनं घट्ट बांधली आणि पेटी दाराशी नेऊन ठेवली. मग चहा झाला, आणि चहानंतर साहेब दुसरीच्या वर्गात येऊन बसले.

नीला उठली. पाचव्या पायरीचं पुस्तक हातात धरलं आणि सुरू झाली. मुक्ता आणि प्रल्हाद जत्रेला गेले, जत्रेत चक्री होती, कुठे म्हणून अडखळणं नाही. साहेब मान डोलवू लागले. आणखी पाच जणांनी तेच केलं. चंपतरावांचा चेहरा लग्नघरच्या यजमानासारखा फुलला होता.

"ती मागची मुलगी," साहेब म्हणाले. "तू ये."

गोपिका पुढे आली. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. "मु," ती म्हणाली. मग थांबली. वर्गातून खुसखुस आली. तिनं पुन्हा अक्षराकडे निरखून बघितलं आणि साहेबांना म्हणाली, "हे जोडलेलं अक्षर मी अजून शिकली नाही."

त्या वर्गात त्या दिवशी बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं, शेरेबुक ओढलं आणि लिहायला लागले.

"साहेब, तिला दुसऱ्या पायरीचं पुस्तक देऊन बघा," प्रेमलताबाई म्हणाल्या. आवाज चढला होता, पण त्यांना आता पर्वा नव्हती.

"ही दुसरी इयत्ता आहे बाई, आणि तुमची शाळा पाचव्या पायरीवर आहे. हेडमास्तरांनी तसं लिहून दिलंय."

"लिहून दिलंय ना? मग हे बघा." बाई नीलाकडे वळल्या. "नीला बेटा, पुन्हा वाच." नीलानं पुस्तक उघडलं, सुरू केलं. तिसऱ्या वाक्याला बाईंनी ते पुस्तक तिच्या हातातून हळूच काढून घेतलं. नीला थांबली नाही. हात तसेच पुढे धरलेले, नजर समोर, आणि रिकाम्या तळहातांवरून ती घडाघडा वाचत राहिली. मुक्तानं फुगा घेतला, प्रल्हादनं शिट्टी घेतली, दोघं घरी आली. गोष्ट पुरी करूनच ती खाली बसली.

आता तरी कळेल, असं बाईंना वाटलं. साहेबांनी टेबलावर हात मारला. "वाहवा! पुस्तकाचीसुद्धा गरज नाही! चंपतराव, याला म्हणतात तयारी!"

उंटावरचे शहाणे ऐकले होते, पण हा तर उंटाचं शेपूट पुढे समजून बसलेला. ज्याला वाचणं आणि म्हणणं यातला फरक कळत नाही तो साऱ्या जिल्ह्याचं वाचन तपासत हिंडतो! बाईंना रडू येत होतं तेही रागाचंच. साहेबांनी लिहून संपवलं, टोपण लावलं, आणि शाई वाळावी म्हणून शेरेबुक तसंच उघडं ठेवून चंपतरावांशी बोलू लागले.

गोपिका अजून टेबलाशीच उभी होती. जा म्हणून तिला कुणी सांगितलंच नव्हतं. समोर मोठमोठी, सुटी सुटी अक्षरं होती. तिचं बोट शेरेबुकाच्या पानावर गेलं.

"गो... पि... का," ती वाचू लागली. स्वतःचं नाव बघून तिला आधी हसू आलं. "गोपिका... हिला... वाच... ता... वाचता... ये... त... येत... ना... ही."

 ती पुढच्या ओळीवर गेली. "प... हि... ली... त. पहिलीत... ब... स... वा... वे. बसवावे."

त्या दोन्ही ओळी तिनं पुन्हा एकदा मनाशी जुळवल्या. हसू गेलं. तिनं बाईंकडे बघितलं. "बाई, मले पहिलीत काहून बसवून राहिले? मले तं येते."

साहेबांनी वळून शेरेबुकाकडे बघितलं. चंपतराव घाईनं म्हणाले, "ए पोट्टे, जा जागेवर!"

"तिला उभी राहू द्या," प्रेमलताबाई म्हणाल्या. "साहेब, तुम्ही आत्ता लिहिलेलं, आत्ताच्या आत्ता, तिनं वाचलं. हे तिच्याकडून कुणी पाठ करून घेतलं होतं? ती ओळ खोडा."

"शेरेबुकात खाडाखोड चालत नाही," साहेब पुटपुटले.

"नका खोडू." बाईंनी टेबलावरचं पेन उचललं, शेरेबुक आपल्याकडे फिरवलं आणि साहेबांच्या सुंदर अक्षरांखाली आपल्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: 'वरील दोन्ही ओळी कु. गोपिका हिने साहेबांच्या समोर स्वतः वाचून दाखवल्या.' खाली पूर्ण नावानिशी सही केली.

"बाई," चंपतराव दातओठ खात म्हणाले, "जूनचा विचार करा."

"केला, गुरुजी. सात महिने तेच करत होते. लाज वाटते मला."

साहेबांनी ते वाचलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. आता या पानावर दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही खऱ्या असणं शक्य नव्हतं. खाली त्यांची सही व्हायची होती. ते गोपिकेकडे वळले, आणि जे दिवसाच्या सुरुवातीला विचारायला हवं होतं ते त्यांनी विचारलं. "तू कोणतं पुस्तक वाचतेस, बाळ?"

"निळ्या पट्टीचं."

"आण बरं. वाचून दाखव मला."

गोपिका जागची हलली नाही. तिनं दाराकडे बोट दाखवलं.

"कशी आणू, साहेब? थे तं तुम्हीच बांधून घेऊन चालले."

शिपाई पुढे झाला, पण मनोहररावांनी त्याला हातानं थांबवलं. ते खुर्चीवरून उठले, दाराशी गेले, कडक इस्त्रीच्या पँटीनिशी जमिनीवर उकिडवे बसले आणि सुतळीची गाठ सोडू लागले. गाठ घट्ट होती, लवकर सुटत नव्हती. पण ते सोडत राहिले.