ग्रिफनचा पंखा आणि आमचे भावोजी

सुर्ल्याला माझ्या ताईच्या घरात पुढच्या ओसरीवरच्या बाल्कांवापासून मागच्या न्हाणीपर्यंत सव्वीस पावलं भरतात. पावलं भावोजींनी मोजली आहेत. अशा फेऱ्या दिवसाला किती होतात, ते ताईने मोजलं आहे. सरासरी ऐंशी. पाऊस असला की शंभराच्या वर, कारण मग अंगणातल्या फेऱ्याही आतच होतात.

कृष्णनाथ भावोजी तीस वर्षं खाणीवर डंपरचे फिटर होते. खाणी बंद पडल्या आणि ते घरी आले. पुढे त्यातल्या काही पुन्हा सुरू झाल्या, पण एकोणसाठाव्या वर्षी फिटरला बोलावणं येत नाही. हाताला काम नाही म्हणून पाय चालू झाले, आणि पायांबरोबर तोंड. तोंडात एकच विषय, जुनी लढाऊ विमानं आणि त्यांची इंजिनं. वर्कशॉपमध्ये नौदलातून निवृत्त झालेले एक सुपरवायझर होते, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ही लागण लावली. बोगमाळोचं नौदलाचं विमान संग्रहालय भावोजींनी सात वेळा पाहिलं आहे. त्यातली एक वेळ माझ्या लग्नातली. वऱ्हाडाची बस त्यांनी परस्पर तिकडे वळवली आणि मी बोहल्यावर सव्वा तास उभा राहिलो.

ताईचा फोन मला आठवड्यातून तीनदा यायचा.

"महादेवा, ह्येका खंय तरी लाव रे बाबा. आज कुकराची शिटी झाली तर म्हणता, ह्यो आवाज सी हॉक विमानाचो न्हय. मी म्हटलां, डाळीचो आसा. तर रुसलो."

"पगार काय अपेक्षित आहे?"

"पगार नको! सकाळी नवाक न्हेवंक व्हयो आणि सांजे सांक हाडून सोडूंक व्हयो. मदल्या वेळात माका माझा घर व्हया."

ताईचं नाव विनिता. तिची मागणी एवढीच होती आणि ती तिने कधी वाढवली नाही.

मग अचानक जागा निघाली. आमच्या पेडण्याचे विठ्ठल शेट हॉटेलवाले. मोपाला विमानतळ झाल्यापासून त्यांच्या हॉटेलात विमान चुकलेले, उशिरा सुटणारे आणि उगाच लवकर आलेले असे तीन प्रकारचे लोक येतात. त्यांचा वेळ जावा म्हणून शेटनी मागच्या शेडमध्ये विमानांचं दालन काढलं. छायाचित्रं, लाकडी प्रतिकृती, भंगारातून आणलेलं एक चाक आणि अर्धं कॉकपिट. माहिती सांगायला माणूस हवा होता. वेळ नऊ ते सहा.

अर्ज तीन आले, त्यातला एक भावोजींचा. शेटनी निवड प्रश्नमंजूषेने करायची ठरवली, तीही गावासमोर, म्हणजे नंतर कोणी बोलायला नको. गावाच्या वाचनालयाचा मी सेक्रेटरी, म्हणून गुण लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी शेटना आधीच सांगितलं, "कृष्णनाथ माझे भावोजी लागतात."

"आणि ती सुप्रिया माझ्या चुलत्याच्या चाळीत भाड्यान ऱ्हवता. रुद्रेश माझ्या बायलेचो भाचो. पेडण्यात कोणाचो कोण नाय असो पंच व्हयो तर तो मंगळावरसून हाडूक लागतलो. तू लिही."

रविवारी सकाळी दहाला शेडमध्ये साठ-सत्तर माणसं जमली. उकाडा इतका की शेटनी हॉटेलातला उभा पंखा आणून मध्यभागी ठेवला. पुढच्या बाकावर तिघं उमेदवार. रुद्रेश पंचविशीतला, केसांवर खर्च केलेला. सुप्रिया सव्वीस-सत्तावीसची, वडील कोल्हापूरकडून जवळच्या तुये गावच्या कारखान्यात आलेले. तिच्या मांडीवर वही, आणि वहीत एवढ्या खुणेच्या चिठ्ठ्या की वहीला पिसं फुटल्यासारखी दिसत होती. तिसरे भावोजी. ते बसले नव्हते. बाकाच्या मागे इकडून तिकडे जात होते.

"बसा हो काका," सुप्रिया म्हणाली. "तुम्ही फिरायला लागलासा की मला आठवलेलंबी विसरतंय."

"मी बसलो की मला आठवत नाही. तुझं तू बघ."

प्रश्न शेटनी पुण्याच्या कोणा जाणकाराकडून मागवले होते. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. वाचायचे शेटनी, गुण लिहायचे मी. हात आधी वर करील त्याने उत्तर द्यायचं, चुकलं तर संधी दुसऱ्याला.

शेटनी पहिलं कार्ड उचललं. "पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच वैमानिकांचं पोट सदा..."

"एरंडेल!" भावोजींचा हात वर.

"अरे प्रश्न तरी पुरो होवंदी."

"पोट सदा बिघडलेलं का असायचं, हाच ना? त्या वेळच्या काही इंजिनांत पंख्याबरोबर अख्खं इंजिन गरगर फिरायचं. वंगण एरंडेल तेलाचं. ते वाफेसारखं उडून वैमानिकाच्या तोंडावर, तोंडातून पोटात. शत्रूची गोळी चुकवता यायची, ही चुकवता येत नसे."

शेड खदखदली. मागून कोणी तरी म्हणालं, "आमच्या आजयेन माका विनायुद्धाचा पाजला!" मी भावोजींपुढे एक लिहिला. माझ्या शेजारच्या खुर्चीवर ताई होती. तिने माझ्या कागदात डोकावून तो एक तपासला.

पुढे दोघांची चढाओढ लागली. नॅट विमानाचं इंजिन कोणतं? सुप्रिया: ऑर्फियस. तुफानी या नावाने आपल्याकडे कोणतं विमान आलं? सुप्रिया: फ्रान्सचं उरागान. सी हॉकचं इंजिन? भावोजी: नेन, आणि विचारलेलं नसताना पुढे, "नेन ही नदी. एव्हन नदी, डार्ट नदी. रोल्स रॉइसवाल्यांनी जेट इंजिनांना नद्यांची नावं दिली आणि त्याआधीच्या पिस्टनवाल्यांना शिकारी पक्ष्यांची. आपल्याकडे बनवली असती तर एकाचं नाव तेरेखोल ठेवलं असतं."

"जादा माहितीक गुण नाय," शेट म्हणाले.

"गुणासाठी नाही सांगितली."

हे खरं होतं, आणि हीच त्यांची अडचण होती. कॅनबेरा विमानाचं इंजिन कशाने सुरू करत? भावोजी: काडतुसाने. वर धूर किती निघायचा तेही. रुद्रेशने दोन उत्तरं दिली, दोन्ही बरोबर, मग एकदम मोबाईल काढून कोणाशी तरी हसत बोलत बसला. बारा प्रश्न संपले तेव्हा माझ्या कागदावर भावोजी पाच, सुप्रिया पाच, रुद्रेश दोन.

ताईने माझा दंड धरला. "आता?"

"आता एक जादा प्रश्न. ज्याचं उत्तर बरोबर, त्याची जागा."

"नऊ ते सा?"

"नऊ ते सहा."

तिने डोळे मिटले. देवाला काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून आकडे दिसत होते.

शेटनी शेवटचं कार्ड वाचलं. "दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाला आधी मर्लिन आणि नंतर ग्रिफन इंजिन बसवलं. या ग्रिफन इंजिनाचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो की उलट?"

"काट्यांच्या दिशेने!" भावोजी ओरडले. हात नंतर वर केला.

शेटनी कार्ड उलटलं. वाचलं. पुन्हा वाचलं. "उलट."

शेडमधून एक "श्शी" निघून गेलं. ताईचा हात माझ्या दंडावरून गळून पडला. शेट सुप्रियाकडे वळले, तोच भावोजी पुढे आले.

"उलट? कुठून बघून?"

"म्हणजे?"

"मी तीस वर्षं इंजिनासमोर उभा राहिलोय. बॉनेट उघडायचं, रेडिएटरच्या बाजूने वाकायचं आणि पंखा बघायचा. तसं समोर उभं राहिलं तर ग्रिफनचा पंखा काट्यांच्याच दिशेने फिरणार. हे बघा." त्यांनी मधल्या उभ्या पंख्याकडे बोट केलं. "शेट, तुम्ही पुढे या. कुठे फिरतोय? आता मागे जा. आता?"

विठ्ठल शेट देहाने मोठे. ते पंख्याच्या पुढे गेले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. त्यांच्यामागून सात-आठ जण उठून गेले. थोड्या वेळाने अर्धी शेड पंख्याभोवती फिरत होती, आणि वारा कोणालाच लागत नव्हता.

"खरां रे! फाटल्यान उलटो!"

"मगे देवळातली प्रदक्षिणा? ती खंयसून बघूची?"

"वयल्यान बघलंस तर सुलटी, जमनीखाल्यान बघलंस तर उलटी!"

"जमनीखाल्यान कोण बघता रे?"

"तुझो बापूस. दोन म्हयने झाले ना त्येका पुरून?"

थोडं हसू, थोडी शिवीगाळ. शेट घाम पुसत मेजाकडे परतले. हॉटेल चालवणारा माणूस, भांडण कुठे तोडायचं ते त्यांना कळतं.

"प्रश्नात बाजू लिहिलेली नाय. मगे जो बघता त्येची बाजू. आणि माझी गिऱ्हायकां विमानाच्या फुडेच उभी ऱ्हवतली. उत्तर बरोबर. सुप्रिया, तुका काय म्हणूचा आसा?"

सुप्रियाने वही मिटली होती, पण एक बोट आत ठेवून. बोट कुठल्या पानावर होतं ते मला माझ्या जागेवरून दिसत होतं. पंख्याचं चित्र, त्याला गोल बाण, आणि बाणाशेजारी लाल पेनाने लिहिलेली एक ओळ. तिने भावोजींकडे पाहिलं. त्यांच्या शर्टाची पाठ भिजून अंगाला चिकटली होती.

"शेट म्हणत्यात तसं," ती म्हणाली.

"महादेवा, लिही. कृष्णनाथ सहा."

मी पेन उचललं. ताई खुर्चीत पुढे सरकली. सहाच्या आकड्याला किती वेळ लागतो? पण भावोजी पुन्हा फिरायला लागले होते, बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि वळताना दर वेळी सुप्रियाच्या वहीकडे बघत होते. तीन फेऱ्या झाल्या. चौथीत थांबले.

"लिहू नकोस."

"भावोजी, शेटनी निकाल दिलाय."

"निकाल चुकलाय. विमानाच्या पंख्याची दिशा वैमानिकाच्या जागेवरून सांगतात. मर्लिन काट्यांच्या दिशेने, ग्रिफन उलट. मला माहीत आहे. घाईत तोंडातून वर्कशॉप निघालं."

"पण बाजू लिहिलेली नाय!" शेट.

"लिहायची गरज नसते. मर्लिनची सवय झालेला वैमानिक ग्रिफनच्या विमानात बसायचा, सवयीने नेहमीच्या पायाने सुकाणूचं पेडल दाबायचा आणि विमान भलतीकडे ओढायचं, धावपट्टी सोडून. त्याच्या पायाला दिशा ठाऊक लागते. समोर उभा राहणारा फिटर विमान उडवत नाही."

"कृष्णनाथा, बस खाली!" ताई उभी राहिली होती. नवऱ्याला तिने चारचौघांत नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

"बसवत नाही गो," भावोजी म्हणाले.

शेटनी सुप्रियाला विचारलं. तिने खाली बघत "उलट" म्हटलं, आणि मी तिच्यापुढे सहा लिहिले. टाळ्या झाल्या, पण विखुरलेल्या, कोणी सुरू कराव्यात हे न ठरल्यासारख्या.

नंतर शेट मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या भावोजीक गेयान आसा, माका मान्य. पण असो मनीस माका नको रे. गिऱ्हायकाक सांगतलो आणि मागीर त्येच गिऱ्हायकासमोर सोताक खोडीत बसतलो. लोकांची विमानां चुकतली."

मी गुणांच्या कागदाची घडी करून खिशात ठेवली.

आम्ही म्हापशाच्या बसची वाट बघत रस्त्यावर उभे राहिलो. तिथून त्यांना डिचोलीची बस घ्यायची होती. ताई सावलीत दगडावर बसली. भावोजी उन्हात, विजेच्या खांबापासून गतिरोधकापर्यंत आणि परत. मग ताईने ते जवळून जात असताना विचारलं,

"तू बोलूंक नसतलंस, तर कोणाक कळतलां?"

ते न थांबता गतिरोधकापर्यंत गेले, वळले, आणि परत येताना म्हणाले, "त्या पोरीला कळलं होतं. तरी ती गप्प राहिली. म्हातारा आहे, घेऊ दे, म्हणून." खांबाला हात लावला. "मला ती जागा हवी होती गो विनिता. तशी नको होती."

ताईने पदराने मान पुसली. तिला राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती. पुढच्या फेरीत तिने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. ते चालता चालता प्यायले.

"पोरगी चांगली सांगेल," ते म्हणाले. "फक्त उरागान म्हणताना गडबडते."

दूरवर बस दिसली. ताई उठली, साडी झटकली आणि माझ्याजवळ आली.

"महादेवा."

"बोल."

"ह्येका मेळूक नाय तर नाय. माका बघ."

"तुला काय?"

"काम. खंयय चलात. अंगणवाडी, दुकान, शेटच्या हॉटेलात उंडे पाव कापूंक. नवाक जावंक व्हया, सांक येवंक व्हया." तिने भावोजींकडे पाहिलं. ते बस थांबायच्या आतच दाराच्या दांडीला हात घालत होते. "आमच्यातल्या एकान तरी घराभायर जावंक व्हया."

मी म्हटलं, बघतो.