डाग काढणाऱ्या बाईची सून

थोडक्यात आणि खेळकर शैलीत स्वतःची ओळख करून द्या, असं एका मासिकाने मला कळवलं आहे. खेळकर म्हणे. मी काय मांजरीचं पिल्लू आहे? सोबत हसरा फोटोही हवाय त्यांना. फोटो मिळणार नाही. ओळख देते, पण ती थोडक्यात होईल असं वाटत नाही, आणि खेळकर तर नाहीच नाही.

मी विनोदी लिहिते. एवढं सांगितलं की समोरचा माणूस हमखास बिघडतो. एक तर तो खिशातून मोबाइल काढतो, कुणीतरी पाठवलेला चुटका वाचून दाखवतो, शेवट यायच्या आत स्वतःच खिदळतो, आणि वर म्हणतो, हा घ्या, वापरा कुठेतरी. जसं काही मी त्याच्या दारात कटोरा घेऊन उभी होते. नाहीतर म्हणतो, मग हसवा बघू आम्हाला. दाताच्या डॉक्टरला कुणी म्हणतं का, मग उपटा बघू?

चुटके सांगणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. चारचौघांत खाकरून सुरुवात करणारी तर जास्तच. मला आवडतं ते वेगळंच. आपण काही गमतीचं बोललो हे ज्याच्या गावीही नसतं, त्याचं बोलणं. चहा गाळताना, पावती फाडताना, चपला शोधताना माणूस जे बोलून जातो ते. त्यावर माझा जीव आहे. अगदी खरा जीव. माझी माणसांवर एवढी माया नाही, जेवढी त्यांच्या तोंडून चुकून निसटलेल्या वाक्यांवर आहे.

हे वेड मला सासरी लागलं. आमचं घर वर आणि लाँड्री खाली. नवरा मागच्या बाजूला मशीनपाशी असतो, मी पडद्याआड इस्त्रीच्या टेबलाशी, आणि पुढे काउंटरवर सासूबाई. डाग काढायचं काम त्यांचंच. कपडा समोर आला की त्या दिव्याखाली धरतात, अंगठ्याने डाग चाचपतात आणि गिऱ्हाइकाला एकच शब्द विचारतात, "कशाचा?" कुणाचा, कधी पडला, कसा पडला, ह्याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नाही. चहाचा असेल तर एक औषध, शाईचा असेल तर दुसरं, रक्ताचा असेल तर आधी गार पाणी. चहा, शाई, तेल, रक्त. एका शब्दाचं उत्तर पुरतं.

पण एका शब्दात उत्तर देईल तर तो माणूस कसला. दातांचे डॉक्टर पांढरा कोट घेऊन येतात आणि सॉसचा डाग आहे हे सोडून बाकी सगळं सांगतात. रक्त नाही हो, गैरसमज नको, माझ्याकडे कुणाला रक्त येत नाही, असं दुकानातल्या बाकावर बसलेल्या माणसांकडे बघून सांगतात. एक बाई पडदे घेऊन आल्या आणि शेजारणीची कुंडली मांडून गेल्या. पडद्यावर होता कॉफीचा डाग. मी पडद्याआड इस्त्री फिरवत ऐकायची आणि मला वाटायचं, अरे, हे इथे फुकट चाललंय, आणि लोक तिकिटं काढून नाटकाला जातात.

आणि ह्या सगळ्यावर सासूबाई. त्या हसत नाहीत. त्यांना हसताना मी पाहिलेलंच नाही. दात आहेत, दाखवायला नाहीत. पण त्या जे बोलतात त्याने समोरच्याची इस्त्री मोडते. एकदा बँकेचे मॅनेजर शर्ट घेऊन आले. छातीवर वाइनचा हा एवढा डाग. ते स्वतः कसे थेंबालाही शिवत नाहीत, कसा एक सहकारी आडवा आला, कसा त्याचाच तोल गेला, हे सगळं पहिल्यापासून सुरू झालं. सासूबाई शर्टाला चिठ्ठी टाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डाग आम्ही काढतो. गोष्ट घरी घेऊन जा."

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि एका गिऱ्हाइकाच्या उशीचा अभ्रा जळाला. त्या वाक्यापुढे अभ्रा काय चीज आहे.

मी तेव्हा एका साप्ताहिकात आठवड्याला एक सदर लिहायची. काउंटरवरचं बोलणं, घरातलं बोलणं, जसंच्या तसं. त्यातल्या सासूबाई वाचकांना आवडायच्या. जुने संपादक शहाणे होते, लिहिलेल्याला हात लावत नसत. ते निवृत्त झाले आणि नवे आले. हे संपादकमहाशय म्हणजे तोंडात सदा खडीसाखर. त्यांनी आल्या आल्या माझ्या सदराचं नाव बदलून 'गोड गुदगुल्या' केलं आणि शेजारी माझा एक जुना फोटो टाकला, ज्यात मी उन्हामुळे डोळे बारीक केलेत आणि हसतेय असं वाटतं. त्या दिवसापासून मी ते पान उघडणं सोडलं. लिहायचं, पाठवायचं, संपलं. स्वतःच्या अंगावर शहारे आणून घ्यायला मी काय रिकामी आहे का?

मॅनेजरच्या शर्टावर लिहिलं, ते छापून आलं, आणि त्याच आठवड्यात सासूबाईंनी बोलणं टाकलं.

अबोला धरला असं म्हणता यायचं नाही. "कशाचा?" विचारत होत्या. मीठ मागत होत्या. पंखा बंद कर म्हणत होत्या. पण त्यापुढे एक शब्द नाही. डॉक्टर पुन्हा कोट घेऊन आले, पुन्हा रक्त नाही म्हणून शपथा घेऊ लागले, आणि सासूबाईंनी नुसती चिठ्ठी टाचली. डॉक्टरही बिचारे थांबून राहिले, काहीतरी ऐकू येईल म्हणून. गिऱ्हाइकं मात्र भलतीच लाडात आली होती. काय आजी, हसताय ना, असं विचारून जायची. मला वाटलं, लोकांचा नेहमीचा बावळटपणा.

नवऱ्याने निदान केलं की मी त्याच्या आईला चव्हाट्यावर मांडलं. आपली आई गप्प बसली आहे तर त्याला दुसरं काय सुचणार? मी म्हटलं, गेलं वर्षभर मांडतेय, तेव्हा नाही त्या गप्प झाल्या. तर म्हणे, तिला आत्ता कळलं असेल. एवढं अगाध ज्ञान देऊन तो मशीनपाशी निघून गेला. तरी मी जाऊन सासूबाईंना म्हटलं, आई, तुमच्यावर लिहिलेलं आवडलं नसेल तर नाही लिहिणार. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने वर आले.

इकडे संपादकमहाशयांचे फोन सुरू झाले. सासूबाई कुठे गेल्या, वाचक विचारताहेत. मी दोन आठवडे पडद्यावाल्या बाईंवर भागवलं. मग त्यांनी साखरेतच घोळून सांगितलं, की असंच चाललं तर ही जागा विनोदवीरांना द्यावी लागेल. विनोदवीर म्हणजे साप्ताहिकातलेच एक लेखक, मोबाइलमधले चुटके स्वतःच्या नावावर छापणारे. माझ्या जागेवर तो माणूस, ह्या विचाराने माझं डोकं फिरलं. पण खरं सांगू? सदराचं दुःख होतंच, त्याहून घर मुकं झालं होतं ते जास्त लागत होतं. पडद्याआड नुसती वाफेची फुसफुस. इतकी वर्षं मी त्या बाईच्या जिभेवर जगत होते आणि मला ते आत्ता कळत होतं.

तेवढ्यात साप्ताहिकाचा वर्धापनदिन आला. वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम, सदर लिहिणाऱ्या प्रत्येकाने उठून स्वतःची ओळख करून द्यायची. मी निघाले तर सासूबाई खाली काउंटरचं शटर ओढत होत्या. भर दुपारी. त्यांनी दुकान भर दुपारी बंद केलेलं नवऱ्यानेही कधी पाहिलं नव्हतं. कुठे जाताय, असं त्याने विचारलं, तर त्या माझ्याकडे बोट दाखवून चालायला लागल्या. हॉलमध्ये पहिल्या रांगेत, मधोमध, पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

विनोदवीरांनी स्वतःची ओळख चुटक्यांतून करून दिली. लोक हसले, कारण लोक हसतातच. मग माझी पाळी. मी उठले, पण संपादकमहाशयांनी आधी माइक हातात घेतला. ह्या आमच्या हास्यपरी, म्हणाले. हास्यपरी. मी स्टेजच्या जिन्यावर तिथेच उभी राहिले. ह्यांच्या गोड सासूबाई आपल्या सगळ्यांच्या घरातल्या झाल्या आहेत, आणि त्यांचं ते वाक्य तर आम्ही कचेरीत फळ्यावर लिहून ठेवलंय, असं म्हणून त्यांनी ते हात पसरून म्हटलं, "डाग आम्ही काढतो, तुम्ही फक्त हसत राहा!"

सबंध हॉल एका सुरात गोड झाला. बायका ओठांवर बोटं ठेवून एकमेकींकडे बघायला लागल्या.

मी सासूबाईंकडे पाहिलं. डागाचा कपडा दिव्याखाली धरावा तशा त्या संपादकांकडे बघत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्यावर लिहिलं ह्याचा त्यांना राग नव्हताच. त्या दर आठवड्याला वाचत होत्या, गिऱ्हाइकांसाठी बाकावर ठेवलेला अंक, मी वर गेल्यावर. राग ह्याचा होता, की उभ्या आयुष्यात कुणाची भीड न ठेवलेल्या बाईच्या तोंडी मी "हसत राहा" घातलं होतं. आणि जो तो काउंटरवर येऊन तिला हसायला सांगत होता. मी घातलं नव्हतं, पण हे त्यांना कसं कळणार? छापलेलं न वाचणारी लेखिका असते हे कुठल्याही शहाण्या माणसाला सुचणार नाही.

मला माइक मिळाला. मी ओळख बिळख काही करून दिली नाही. म्हटलं, "मी असं लिहिलं नव्हतं. माझ्या सासूबाई असं बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, डाग आम्ही काढतो, गोष्ट घरी घेऊन जा. ज्याने हे बदललं त्याला विनोदातलं ओ की ठो कळत नाही."

मागून कुणीतरी फसकन हसलं आणि पुढच्या क्षणी खोकल्याचं नाटक केलं. संपादकमहाशय मात्र अजून हसतच होते, त्यांना तो चेहरा उतरवताच येत नसावा.

तोच पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. माइक मागितला नाही. दुकानात बोलतात त्याच आवाजात त्यांनी संपादकांना विचारलं, "कशाला बदललंत?"

एका वाक्याचं उत्तर पुरलं असतं. पण नाही. संपादकमहाशयांनी घसा साफ केला आणि सुरू झाले. अंक कुटुंबात वाचला जातो. लहान मुलं वाचतात. आजकाल लोकांच्या आयुष्यात ताण फार. विनोद कसा निर्मळ हवा, फुलासारखा. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी काय सांगितलं होतं. त्यांच्या पत्नीला ते बदललेलं वाक्य किती आवडलं. मूळ वाक्यात थोडी, राग मानू नका, पण थोडी तुच्छता वाटते. सासूबाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पर्सची चेन लावली.

"बरं," म्हणाल्या. "आता ही गोष्ट घरी घेऊन जा."

मग जे हसणं उठलं, ते विनोदवीरांना जन्मात मिळायचं नाही. दातांचे डॉक्टर मागे बसले होते, ते रडेपर्यंत हसले. सासूबाई मधल्या वाटेने दाराकडे निघाल्या आणि मी जिना उतरून त्यांच्या मागे.

सदर गेलं. दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला, आवाजात साखर तेवढीच. ती जागा आता विनोदवीरांकडे आहे. मी ते पान तेव्हाही उघडत नव्हते, आताही उघडत नाही, त्यामुळे तेवढा त्रास वाचला. पण वाईट वाटतं. नाही कशाला म्हणू? आठवड्याच्या शेवटी हात शिवशिवतात, आणि खाली काउंटरवर सासूबाईंच्या जिभेचा पट्टा पूर्ववत सुरू आहे. मॅनेजर कालच टाय घेऊन आले होते. त्या काय म्हणाल्या ते इथे सांगत नाही, पैसे द्या मग सांगेन.

तर मासिकवाल्यांनो, ही माझी ओळख. शब्द बदलायचा नाही. तुच्छता वाटली तर ती तशीच छापायची, ती घरची आहे.

हे पाठवायच्या आधी मी सासूबाईंना वाचून दाखवलं. आता कानाला खडा, त्यांना ऐकवल्याशिवाय काही जात नाही. त्या एका कोटाच्या कॉलरवर औषध लावत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एका ठिकाणी मी बरी दिसतेय. तेवढं काढ."

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. हॉलमधून घरी येताना वाटेत जे झालं, ते मी लिहिलं होतं. चांगलं सविस्तर लिहिलं होतं.

काढलंय.