मांडीतला पुरावा

हिल्केच्या मांडीतून स्नायूचा तुकडा काढायला डॉक्टर एल्सबेथला चार मिनिटं लागली. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, पण बधिर केलेल्या जागीही आतून कुणी ओढल्यासारखं झालं.

"दुखलं का?" एल्सबेथने विचारलं.

"कोस्टरच्या गोड बोलण्याएवढं नाही."

एल्सबेथ हसली नाही. कोस्टर तिच्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर बसायचे. तिथल्या पुनर्वसन विभागाचे ते प्रमुख.

सहा वर्षांपूर्वी हिल्के फ्रिसलंड प्रांतातल्या तिच्या गावच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. एका साध्या तापानंतर तिचा थकवा गेलाच नाही. कोस्टरनी तिला तपासलं आणि पाठीवर थाप मारून सांगितलं, "शरीर आळसावलंय, मन घाबरलंय. दर आठवड्याला दहा मिनिटं जास्त चाला." हिल्के आज्ञाधारक. ती चालली. चालल्याच्या दुसऱ्या दिवशी अंग शिशाचं व्हायचं, घसा सुजायचा, उजेड सोसवायचा नाही. दर मंगळवारी ती हे सांगायची. कोस्टर मान डोलावून लिहून घ्यायचे आणि दहा मिनिटं वाढवायचे. चौदाव्या आठवड्यात तिला जिना चढवेना. नवऱ्याने, डौवेने, पलंग खाली बैठकीत आणला. पुढे कोस्टरनी केलेल्या नोंदींची प्रत हातात पडली, तेव्हा शेवटची ओळ तिने वाचली : 'रुग्णाला बरं व्हायचं नाही.'

त्या दिवसापासून ती कोस्टरचं नाव घेताना तोंडात माशाचा काटा आल्यासारखं करायची.

अशाच न जाणाऱ्या थकव्यावरच्या एल्सबेथच्या अभ्यासात आधी एक तुकडा, मग दमछाक होईपर्यंत सायकल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुकडा असा बेत होता. डौवेला तो मुळीच पसंत नव्हता.

"अगं, महिनाभर अंथरुणाला खिळशील. तुलाच ठाऊक आहे."

"म्हणून तर जायचं. ज्यांना माझा शब्द पुरला नाही, त्यांना मांस दाखवू."

तोंडावर श्वास मोजणारा मुखवटा लावून तिने नऊ मिनिटं सायकल मारली. दर दोन मिनिटांनी बोट टोचून रक्त घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुकडा द्यायला तिला चाकाच्या खुर्चीवरून ढकलत आणलं. शेजारी अभ्यासातली दोन धडधाकट माणसं पॅनकेक खायला कुठे जायचं यावर वाद घालत होती. आदल्या दिवशी त्यांनीही तेवढाच घाम गाळला होता. त्यानंतर हिल्के बावीस दिवस पडदे लावून पडून होती. डौवे चमच्याने वाटाण्याचं सूप भरवायचा आणि बोलायचा नाही, कारण आवाजही तिला लागायचा.

शरद ऋतूत निष्कर्ष सांगायला सगळ्यांना सभागृहात बोलावलं. हिल्के मागे आरामखुर्चीत, काळा चष्मा लावून. कोस्टर पहिल्या रांगेत कॉफीत बिस्किट बुडवत बसलेले. एल्सबेथने पडद्यावर चित्रं दाखवली. निरोगी माणसांचे स्नायू सायकलीआधी जसे, तसेच नंतर. आजाऱ्यांच्या स्नायूंत दुसऱ्या दिवशी फिकट, मेलेले ठिपके, आणि पेशींत ऊर्जा तयार करणारे भाग मंदावलेले.

कोस्टर उठले. "हे नुसतं पडून राहिल्यामुळे झालेलं नाही कशावरून?"

"दोन महिने मुद्दाम पलंगावर ठेवलेल्या निरोगी लोकांचे हे तुकडे," एल्सबेथने पुढचं चित्र लावलं. "स्नायू रोडावले, पण ठिपके नाहीत."

"रोचक आहे. पण गट फार लहान वाटतो."

"तुमचा गट केवढा होता, डॉक्टर?" मागून हिल्के म्हणाली. आवाज बारीक होता, पण सभागृह शांत होतं. "माझे उपचार ठरवलेत तेव्हा?"

कोस्टर वळले. "तेव्हा जी माहिती होती, त्यानुसार..."

"माहिती मी देत होते. दर मंगळवारी."

कार्यक्रम संपल्यावर ते हात पुढे करून आले. "मनाला लावून घेऊ नका."

हिल्केने हात उचलला नाही. "ताकद कमी असते माझी. माणूस बघून खर्च करते. ती शेवटची ओळ तेवढी खोडा."

"जुन्या नोंदी खोडायची पद्धत नाही हो."

"मग तिच्याखाली लिहा, डॉक्टरला बघायचं नव्हतं."

त्यांना तो विनोद वाटला. ते एकटेच हसले आणि बिस्किटांच्या टेबलाकडे गेले.

त्या एका दुपारच्या पायी हिल्के नऊ दिवस झोपून राहिली. दहाव्या दिवशी डौवेने इस्पितळाचं पत्रक वाचायला घेतलं आणि मध्येच थांबला.

"वाच की."

"कोस्टरनी लिहिलंय. या आजाराचं मूळ शरीरात आहे, असं त्यांना पहिल्यापासून वाटत होतं म्हणे."

हिल्के उशीत तोंड खुपसून हसत सुटली, दम लागेपर्यंत. डौवेला हसू आलं नाही. त्याने पत्रक चुरगळलं.

आठवड्याभराने एल्सबेथचा फोन आला. आता बारीक रक्तवाहिन्या तपासायच्या होत्या. पुन्हा तुकडा, पुन्हा सायकल. नाही म्हटलंस तरी राग नाही, असं तिने आधीच सांगितलं.

"औषध कधी निघेल?" हिल्केने विचारलं.

"माहीत नाही. निघेल की नाही, तेही माहीत नाही."

हिल्केने फोन दुसऱ्या कानाला लावला. "हे दोन शब्द कोस्टरना उच्चारता आले असते, तर मी आजही तलावावर असते." मग म्हणाली, "डावीवर वण आहे. या वेळी उजवी मांडी घ्या."