पाण्याची ओळख

समुद्र आमच्या परसात. उधाणाला तर शेवटच्या माडाच्या बुंध्याशी पाणी येतं. आणि आमच्या सूनबाई मुंबईहून फोनवर मला सांगतात, "आई, या मे महिन्यात ईशाला समुद्रावर न्यायचंय. एक निसर्ग उद्यान आहे, त्यातला किनारा. एकदम स्वच्छ. मी बुकिंग बघते."

मी म्हटलं, "मग आमच्या पूर्णगडात काय आहे गो नम्रता? डबकं?"

"तसं नाही हो आई. आपल्याकडे होड्या, जाळी, मासळीचा वास. तिथे गाड्या नाहीत, टपऱ्या नाहीत, माणसंसुद्धा मोजकीच सोडतात. कासवांसाठी राखलाय तो किनारा."

कासवांसाठी! काय तरी बाई एकेक. पण मी जीभ आवरली, कारण नात पाण्याजवळ येत होती. ईशा चार वर्षांची झाली तरी समुद्राचा थेंब तिच्या पायाला लागला नव्हता. मुंबईचं पाणी घाण म्हणून नम्रताने तिला तिथे कधी उतरवलीच नाही. आमच्याकडे ती येते गणपतीत, तेव्हा समुद्र पिसाळलेला. मे महिन्यात येते ती थेट राजापूरला, आईच्या आईकडे.

आणि आमच्या घरात पोरांना असंच पाण्यात सोडत नाहीत. ओळख घालावी लागते. आमचे हे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, ह्यांचे वडील तांडेल, सगळ्या पिढ्या पाण्यावर जगल्या. पोर पहिल्यांदा पाण्याशी गेलं की घरातल्या थोरल्या बाईने त्याला लाटेत उभं करायचं, नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, हे अमक्याचं पोर, ओळखून ठेव. आईबापांनी बाहेर वाळूवर थांबायचं. पोराला ज्याने धरलंय त्याची ओळख आधी झालेली हवी. मी समुद्रापासून लांब, कातळावरच्या गावातली, मलाही लग्नानंतर सासूबाईंनी हात धरून नेलं होतं. नम्रताची ओळख मी घातली. आता ईशाची घालायची होती, आणि ती मीच घालणार होते. मी एकटी. सोनूबाईंना त्यात शिरकाव नव्हता.

सोनूबाई म्हणजे आमच्या विहीणबाई. राजापूरच्या बाजारपेठेत त्यांचं काजूगरांचं दुकान. बाई वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ईशा सहा महिन्यांची झाली, नम्रताची रजा संपली, तशा ह्या दुकान मुलावर टाकून मुंबईला गेल्या आणि तिथेच राहिल्या. सुट्टीत फक्त राजापूरला येतात, आणि तेवढे दिवस दुकानावर स्वतः बसतात, मुलगा काजूच्या खरेदीला फिरतो. मला कसं जमायचं? दारात गाय, बागेत आंबे, घरात हे. मग न्हाऊ त्यांनी घातलं, पहिला घास त्यांनी भरवला, पहिलं पाऊल त्यांच्या डोळ्यांदेखत पडलं. मला व्हिडिओ. ईशा 'आजी' म्हणते ती त्यांना. मी 'पूर्णगडची आजी'. जशी काही मी एसटीचा थांबा! जळते मी. जळते म्हणजे जळतेच, त्यात लपवायचं काय?

तर बेत सुरू झाला. माझ्या मुलाने, संदेशने, मोबाइलवर ग्रुप काढला आणि त्यात विहीणबाईंनाही घेतलं. मी लिहीत होते, घावणे मी आणीन. एका बोटाने लिहायला वेळ लागतो हो. तोवर सोनूबाईंचं गुलाबाचं चित्र आलं, आणि खाली, 'काजूच्या उसळीचं माझ्याकडे लागलं. ईशूला फार आवडते.' ईशू! माझ्या नातीला काय आवडतं ते मला ग्रुपवर कळतं.

मग मीही कंबर कसली. दिवस ठरवायचा मान माझा, कारण भरती-ओहोटीचं घरात मी आणि हे सोडून कुणाला कळत नाही. मी नेमका राजापूरच्या आठवडा बाजाराचा दिवस काढला. मे महिन्यात, बाजाराच्या दिवशी, काजूगराचं दुकान सोडून कोण येतंय?

झोपाळ्यावरून ह्यांनी मान वर केली. "त्या दिवशी काय विशेष गो? आदल्या दिवशीही भरती सोयीचीच आहे."

"तुम्ही गप बसा."

तेवढ्याने भागेना म्हणून विहीणबाईंना फोन लावला. म्हटलं, "गाडी फाटकाशीच ठेवावी लागते हो. पुढे सगळी वाळूतली वाट. तुमचे गुडघे हे असे, उगाच त्रास."

"भीती वाटतेच," त्या म्हणाल्या. "पण ईशू म्हणते, आजी हवीच. आणि तुमच्याकडे ते ओळख घालतात ना? नम्रताने सांगितलं होतं. मला बघायचंय एकदा."

बघायला काय नाटक आहे? पण तोंडाने म्हटलं, "या की."

त्यांनी बाजाराच्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं. मुलगासुद्धा चिडला म्हणे, तरी ऐकलं नाही. मी फोन आपटला तशी हे हसायला लागले. "अगो, समुद्राची काय वाटणी करून घेतेस काय?"

"घेते," मी म्हटलं. "बाकी सगळं तिच्या वाट्याला गेलंय."

त्या दिवशी गाडीत ईशा सबंध वाट सोनूबाईंच्या मांडीवर झोपली. माझ्या मांडीवर घावण्यांचा डबा.

उद्यानाच्या फाटकावर पहारेकऱ्याने पिशव्या तपासल्या आणि माझा नारळ काढून बाजूला ठेवला. पूजेचं सामान आत न्यायचं नाही, जाताना घेऊन जा म्हणाला. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. तो आपला पाटीकडे बोट दाखवी. मला तर वाटलं, विहीणबाईंचीच दृष्ट लागली. ह्यांनी हाताला धरून ओढलं, "चल. नारळ नाही म्हणून पाणी रुसत नाही."

किनारा चांगला होता, खोटं कशाला बोलू? लांबलचक वाळू आणि माणूस नाही. भरती नुकती लागली होती. मी पदर खोचला, घोट्याभर पाण्यात उभी राहिले आणि हात पुढे केले. "ये गो बाय, ये माझ्याकडे."

ईशाने येणारी लाट बघितली आणि जी किंकाळी फोडली! धावत जाऊन सोनूबाईंच्या अंगावर चढली आणि गळ्याला मिठी मारली. मी बाहेर आले, लाडीगोडी केली, शिंपला दाखवला. शेवटी दंडाला धरून ओढली. ती ओरडायला लागली, "आजी! आजी!" आणि मी तिच्या पुढ्यात उभी होते.

नम्रता पुढे झाली. मी तिला अडवलं, "आईने धरायचं नाही."

संदेश म्हणाला, "राहू दे आई. पुढच्या वर्षी करू."

पुढच्या वर्षी! चार वर्षं मी ह्या एका गोष्टीवर काढली होती. हेही गेलं तर त्या पोरीच्या आयुष्यात माझ्या हातचं म्हणून राहिलं काय?

सोनूबाई भीत भीत म्हणाल्या, "मी कडेवर घेऊन येते पाण्यात. तुम्ही ओळख घाला."

"तुम्ही नाही चालत," मी म्हटलं. "तुमची कुठे ओळख आहे पाण्याशी?"

बोलताना गोड लागलं मला ते. बाईचा चेहरा उतरला. गळ्याभोवतीचे ईशाचे हात सोडवायला लागल्या, एकेक बोट करून. "जा गो राणी. ही तुझी खरी आजी. समुद्र हिच्या घरचा आहे, ही पडू नाही देणार तुला." त्या बोटं सोडवत होत्या आणि पोर पुन्हा घट्ट धरत होती.

खरी आजी. एवढंच ऐकायला माझे कान आसुसले होते. आणि ऐकलं तेव्हा मला लाज वाटली, दुसरं काही नाही.

मी सोनूबाईंचा दंड धरला. "राहू दे तिला. चला माझ्याबरोबर. चप्पल काढा."

"अहो, पण मी..."

"चला म्हटलं ना."

आणि मी त्यांना पाण्यात नेलं. बाईचं एवढं वय झालं, मुंबईतही राहिली, पण खारं पाणी कधी पायाला लागलेलं नव्हतं. लाट आली, घोट्यावरून गेली. मी हात जोडले. "बा सागरा, ही सोनूबाई. राजापूरची." पुढचे शब्द फणसाच्या चिकासारखे घशात चिकटले, पण पाण्यासमोर खोटं बोलून चालत नाही. "आमची नात हिने वाढवली. ही तिची आजी. हिला ओळखून ठेव, हिचा पाय ढळू देऊ नको."

"होय महाराजा!" मागून हे ओरडले. संदेशही ओरडला.

मग ईशाचं. सोनूबाईंनी तिला हळूच खाली सोडली, मी पाऊल धरून पाण्याला लावलं आणि नाव घेतलं. पोर आधी आक्रसली. पायाखालची वाळू सरकली तशी खाली बघायला लागली. मग हसली. दुसरी लाट आल्यावर तिने आमचे दोघींचे हात झटकले आणि बाहेर थांबलेल्या आईबापांकडे ओरडली, "पप्पा, या ना!" ओळख झाली होती, आता कुणीही यावं. ती तिघं लाटांत नाचायला लागली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही तिने.

आम्ही दोघी तिथेच उभ्या. लुगडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"जूनपासून तिची शाळा," सोनूबाई म्हणाल्या. "दुपारी पाळणाघर. नम्रता म्हणाली, आई, खूप केलंस, आता तू घरी आराम कर."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आनंद झाला मला. खरंच झाला, एका लाटेपुरता.

त्या ईशाकडेच बघत होत्या. "विहीणबाई, एक विचारू? तुम्ही कशा हो राहता तिच्याशिवाय?"

"राहते कुठे?" मी म्हटलं.