मोडली तर परत पाठवा

मित्रांनो, मी छत्र्या शिवणारी एक जुनी मशीन. मला स्वस्थ बसवत नाही, हे आधीच सांगून टाकते. चाळीसहून अधिक वर्षं झाली, तैवानातल्या होमेई गावात शुईमू छत्रीवाल्याच्या घरी, पुढच्या खोलीत मी उभी आहे. जागची हललेली नाही, पण जिवाला म्हणून चैन नाही.

एके काळी गावातल्या घराघरातून माझ्यासारख्या मशिनींची खडखड ऐकू यायची. माझ्यावर गावातली आमान मावशी शिवायला बसायची. कापडाच्या आठ पाकळ्या जोडल्या की एक छत्री. मावशी शेजारणीशी भांडता भांडतासुद्धा शिवण सरळ घालायची. पुढे कारखाने समुद्रापलीकडे गेले, छत्र्या स्वस्त झाल्या. मोडली की फेकायची, नवी घ्यायची. मावशीचं काम सुटलं आणि माझ्या डोक्यावर भाताचा कुकर आला. त्याच्या वाफेने माझा हिरवा रंग पोपडे धरून गळला.

मग शुईमूची मुलगी रुइशिन ताइपेची नोकरी सोडून घरी आली. तिथे ती परक्यांच्या मालाच्या जाहिराती करायची.

"बाबा, आपण नुसत्या छत्र्या विकायच्या नाहीत."

"मग काय, पाऊस विकायचा?"

"ऐका तर. प्रत्येक छत्रीच्या आत एकच वाक्य शिवायचं. मोडली तर परत पाठवा, जन्मभर दुरुस्त करू. सगळे टाकतात, आपण टाकायचं नाही. लोक आपल्याला त्यासाठीच ओळखतील."

"बोलायला काय जातंय, पोरी? निभवायला माणसं लागतात."

पण कुकर खाली उतरला आणि मावशी परत आली. पहिल्या वर्षी अकरा छत्र्या दुरुस्तीला आल्या. अकराही नीट होऊन आपापल्या घरी गेल्या. किती दिवसांनी माझी सुई तापली होती!

नंतर एका मासिकात माझा फोटो छापून आला. ताइपेतल्या एका मोठ्या दुकानाने रुइशिनला काउंटर दिला. मागणी इतकी वाढली की शिवणकाम बाहेर द्यावं लागलं. मला घासूनपुसून भोवती दोरी बांधली. लोक यायचे, फोटो काढायचे, "किती छान!" म्हणायचे. माझ्या पायट्याला पाय मात्र कुणी लावत नव्हतं. मित्रांनो, त्या कौतुकाने माझा जीव नुसता तळमळायचा. कारण मागच्या खोलीत मोडक्या छत्र्यांचा ढीग वाढत होता आणि तो मला दारातून दिसत होता.

"एकटी मी किती करू?" मावशी म्हणाली.

"राहू दे मावशी," रुइशिन फोनवरून नजर न काढता म्हणाली. "त्यांना नवी पाठवून देऊ. गिऱ्हाईक खूश, आपण मोकळे."

"आणि या?"

"भंगारवाला नेईल की."

शुईमू चहा ओतत राहिला. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि पहिल्या खेपेला अर्धा ढीग घेऊन गेला.

आठवडाही झाला नसेल, पुली गावाहून एक बाई बस बदलत बदलत आल्या. सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी कोरी छत्री माझ्यावर ठेवली.

"ही कुणाची?"

"तुमचीच, काकू. जुनीच्या बदल्यात नवी दिलीय," रुइशिन हसून म्हणाली.

"माझ्या छत्रीच्या मुठीवर आमच्या यांनी चाकूने नाव कोरलं होतं. ते गेले. माझी छत्री द्या."

बापलेकीने मागची खोली उलथीपालथी केली. मावशीने गुडघ्यावर बसून एकेक मूठ चाचपली. नाव कोरलेली मूठ त्यांत नव्हती. रुइशिन बाहेर आली तेव्हा तिच्या हातांना गंज लागला होता.

"आम्ही ती टाकली, काकू."

बाई म्हणाल्या, "मग तसं लिहायचं होतं ना छत्रीवर. मी कपाटात तरी ठेवली असती."

नवी छत्री तिथेच सोडून त्या उन्हात निघून गेल्या.

रुइशिनने त्याच दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना घडलं ते जसंच्या तसं लिहून कळवलं. काहींनी शिव्या दिल्या. ताइपेचा काउंटर गेला. चार महिने एकही नवी छत्री विकायची नाही, असं तिने ठरवलं आणि माझ्याभोवतीची दोरी सोडली. मावशीशेजारी बसून ती शिवण शिकू लागली.

"अगं, शिवण घालतेस की शेवया वळतेस?" मावशी ओरडायची.

"बोटात सुई गेली, मावशी!"

"जाऊ दे. त्याशिवाय येत नाही."

शुईमू पक्कड घेऊन वाकड्या काड्या सरळ करत बसायचा. ढिगात उरलेल्या त्र्याहत्तर छत्र्या एकेक करून परत गेल्या. पुलीच्या बाईंना रुइशिनने दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

अजूनही रोज पाच-सहा छत्र्या येतात. एखादी कुजलेली असते, कितीही खटपट केली तरी साधत नाही. तेव्हा रुइशिन फोन उचलते. "मला जमलं नाही हो. काय करू, तुम्हीच सांगा." कुणी ठेवून द्या म्हणतं, कुणी नुसता दांडा मागवून घेतं. पलीकडून उत्तर येईपर्यंत तिचा पाय माझ्या पायट्यावर अधीरपणे हलत असतो आणि मीही हलत असते.

मित्रांनो, कधीतरी कुणी आपली मोडकी वस्तू विश्वासाने तुमच्या हाती देईल. नीट करता आली तर करा. नाही आली तर तसं तोंडावर सांगा. पण तिच्या माणसाला विचारल्याशिवाय ती टाकू नका.