मागच्या सीटचा तक्ता

सुधीर भालकीकरांनी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं त्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत त्यांनी घेतली काय, तर एक फाइल! निळी, दोरीची, वर ठळक अक्षरांत 'दुचाकी (मध्यम) : तौलनिक तक्ता' असं लिहिलेली. अंबरपेठेतल्या घरी ती जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी पडलेली असे. माधवीबाई रोज ती उचलून फ्रिजवर ठेवत आणि रोज संध्याकाळी ती परत खाली येई.

आता सुधीररावांना दोष तरी किती द्यायचा? सरकारी खात्याच्या खरेदी विभागात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी कधी टाचणी घेतली नाही, आणि ही सवय निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात परत करायची राहून गेली. मिक्सर घेतला तेव्हा तक्ता, गीझर घेतला तेव्हा तक्ता. लेक रेणू एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, आईच्या वेळी पण तीन कोटेशन मागवले होते काय?"

सुधीररावांनी आणखी एक घास घेतला. उत्तर माधवीबाईंनीच दिलं. "कुठलं बाई! सिंगल टेंडर. तुझ्या आजीनं परस्पर मंजूर केलं."

तर या तक्त्यात तीन गाड्या होत्या. तिन्ही चारशे सीसीच्या आसपासच्या, पण तिघींची तऱ्हा निराळी. पहिली उंच, दगडधोंड्यांतून आणि कच्च्या रस्त्यावरून नेण्यासाठी बांधलेली. दुसरी चपळ, टाकीवर ओणवं होऊन चालवायची. तिसरी बुटकी आणि लांबलचक, पाय पुढे सोडून हायवेवर निवांत जायची. माधवीबाईंनी फाइलमधले फोटो एकदाच पाहिले आणि बारसं करून टाकलं: उंट, पालथी आणि आरामखुर्ची. त्यानंतर कंपन्यांनी ठेवलेली नावं त्या घरात कुणी उच्चारली नाहीत.

"मला हिला घेऊन बिदरला जायचंय," सुधीरराव रेणूला समजावून सांगत. बिदर हे माधवीबाईंचं माहेर. "आता बघ, अंबरपेठेच्या गर्दीतून बाहेर पडायला चपळ गाडी पाहिजे. पुढं जहीराबादपर्यंत हायवेला निवांत पाहिजे. आणि तुझ्या मामाच्या गल्लीतले खड्डे बघता उंच पाहिजे."

"म्हणजे वाटेत दोनदा गाडी बदलायची," स्वयंपाकघरातून आवाज येई. "आणि 'हिला' कुणाला? ही ऑटोनं जाते, ठाऊक आहे ना?"

ही ऑटोनं जाते हे सोळा आणे खरं होतं. आणि त्याला कारण सुधीररावच होते.

अकरा वर्षांपूर्वी दोघं तारनाक्याला एका बारशाला गेले होते, स्कूटरवरून. परतताना पेट्रोल पंपावर थांबले. पंपावर मागचा माणूस उतरून थोडा पुढे जाऊन उभा राहतो, तशा माधवीबाई उतरल्या आणि हातात घुगऱ्यांची पुडी घेऊन हवा भरायच्या नळीपाशी उभ्या राहिल्या. सुधीररावांनी पेट्रोल भरलं, किक मारली आणि बाईंच्या डोळ्यांदेखत पंपाबाहेर निघून गेले. बरं, नुसते गेले असते तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पण घर येईपर्यंत हा गृहस्थ मागे बोलत होता! विषय होता नवा गीझर. तिन्ही कोटेशनं त्यांनी एकेक करून समजावून सांगितली. मागून काही उत्तर येत नाही म्हणजे बाईंना पटतंय, असं समजून दुसरं कोटेशन मंजूरही करून टाकलं. घरापुढे गाडी लावली, हात मागे केला आणि म्हणाले, "किल्ली दे."

हातावर किल्ली काही पडेना. समोरच्या किराणा दुकानदारानं तिथूनच विचारलं, "मेडम एरी, सार?" मॅडम कुठायत, या त्याच्या साध्या तेलुगू प्रश्नावर सुधीररावांनी मागं वळून पाहिलं, तर सीट रिकामी! त्यांनी स्कूटर वळवून तारनाक्याकडे धूम ठोकली, आणि तेवढ्यात माधवीबाई दुसऱ्या रस्त्यानं ऑटोतून घरी पोचल्या.

सुधीरराव परत आले आणि गीझरच्या गप्पांसकट सगळं कबूल करून मोकळे झाले. माधवीबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे घुगऱ्या वाटीत काढल्या आणि म्हणाल्या, "यापुढं मी ऑटोनं येईन. ऑटोवाला पैसे घेतल्याशिवाय सोडून जात नाही."

झालं! तेव्हापासून लग्नकार्य असो, दवाखाना असो, सुधीरराव स्कूटरवर पुढे आणि माधवीबाई ऑटोत मागे. हॉलच्या दाराशी सुधीरराव दहा मिनिटं पाहुण्यासारखे ताटकळत उभे राहत. नातेवाइकांना वाटायचं, या दोघांचं बिनसलंय. बिनसलं काहीच नव्हतं. पण सुधीररावांना रस्त्यावर मागं फार मोकळं मोकळं वाटायचं, आणि त्या मोकळेपणाची त्यांना मनापासून लाज वाटायची. दोन वर्षांपूर्वी स्कूटरनं राम म्हटला तेव्हा त्यांना दुःख झालं नाही, उलट आशा वाटली. नवी गाडी आली तर माधवी कदाचित नव्यानं बसेल. त्यांना गाडी नको होती हो, गाडीवर मागे बायको हवी होती! पण हे तोंडानं बोलायची हिंमत नाही, म्हणून ही फाइल.

शेवटी रेणूच कंटाळली. ती नोकरीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीत राहायची. तिथं वापरलेल्या मोठ्या गाड्यांचं एक दुकान तिनं शोधून काढलं, तिथं या तिन्ही गाड्या एका रांगेत उभ्या होत्या. "बाबा, सीरियसली, या रविवारी यायचं. फायनल करायचं."

"मी बसणार-बिसणार नाही," माधवीबाईंनी आधीच सांगून टाकलं. "रेणूला मेथीचे लाडू द्यायचेत म्हणून येते."

रविवारी सकाळी दोघं मेट्रोनं कुकटपल्लीत उतरली. रेणूनं आईकडे पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "आई, तू आणि पंजाबी ड्रेस? आणि पायात बूट?"

"मेट्रोत साडी पायात येते," माधवीबाई म्हणाल्या.

सुधीररावांनी फाइलमध्ये प्रत्येक गाडीची उंची मिलिमीटरपर्यंत लिहिली होती. बायको साडी सोडून ड्रेसमध्ये आलीय, हे मात्र त्यांना रेणू बोलली तेव्हा कळलं.

दुकानात फैजान नावाचा हसरा पोरगेला सेल्समन होता. "बोलो अंकल, आपकू कौनसी होना? हाइवे की, सिटी की, के जंगल की?"

"तीनों," सुधीरराव म्हणाले आणि त्यांनी फाइल उघडली. फैजाननं तक्ता पाहून तोंडात बोटं घातली.

उंटापासून सुरुवात झाली. सुधीररावांनी टांग टाकली खरी, पण खाली डाव्या पायाचा अंगठा तेवढा जमिनीला लागला. उजवा पाय हवेत. फाइलमध्ये त्यांनी पायाची उंची बुटांसकट मोजून ठेवली होती आणि आज घालून आले होते चपला.

"वर पोचलात की कळवा," माधवीबाई म्हणाल्या.

"डरो नक्को अंकल, मैं पकडा हूं ना," फैजान म्हणाला. पण सुधीरराव निघेचनात. "पहले तुम पीछे बैठो," ते त्याला म्हणाले. फैजान गोंधळला, पण बसला. सुधीररावांनी मान वाकडी करून आरसा फिरवला, त्यात बराच वेळ पाहिलं आणि खिशातलं पेन काढून फाइलमध्ये काहीतरी टिपलं. मग त्याला उतरवून चक्कर मारून आले. उंट धावताना झकास होता, खड्डे त्याच्या गावीही नव्हते. पण थांबायच्या वेळी तो हळूहळू एका अंगाला कलायला लागला. फैजान वेळेवर धावला म्हणून, नाहीतर अंकल आणि उंट दोघंही आडवे झाले असते.

मग पालथी. ती कापत गेली आणि कापत आली, पण आल्यावर सुधीररावांना सरळ होता येईना.

"काही पडलंय का खाली? मी शोधू?" माधवीबाईंनी विचारलं. मग मागच्या सीटकडे बोट केलं. सीट कसली, हातरुमालाएवढी गादी! "आणि हे काय आहे? टोपी ठेवायला?"

सुधीररावांनी याही गाडीवर आधी फैजानला मागे बसवलं होतं, आरशात पाहिलं होतं आणि टिपलं होतं. आरामखुर्चीवरही तेच केलं. आता मात्र माधवीबाईंना राहवेना. "रेणू, तुझ्या बाबांचा त्या पोरावर भारीच जीव जडलाय ग."

आरामखुर्ची बाकी त्यांना बेतलेल्या सदऱ्यासारखी बसली. दोन्ही पाय सपाट जमिनीवर, पाठ ताठ, गाडी संथ धडधडत गेली आणि तशीच आली. वळवताना तेवढा अर्धा रस्ता लागला. उतरले तेव्हा सुधीरराव चक्क हसत होते, आणि रेणूनं मनातल्या मनात गाडी फायनल करून टाकली.

"तो अंकल, ये पक्की?" फैजाननं विचारलं.

"नहीं," सुधीररावांचा चेहरा पडला. "वो ऊंची वाली."

"बाबा!" रेणू ओरडलीच. "पाय टेकत नाहीत तुमचे! पडत होता तुम्ही आत्ता!"

"होईल सवय."

"कायकू पण? कारण काय?"

"तक्त्यात तीच पास होते," असं म्हणून सुधीरराव उगीच उंटाची टाकी पुसायला लागले.

माधवीबाईंनी टेबलावरची फाइल उचलली. दोन वर्षं त्यांनी ती फ्रिजवर नेऊन ठेवली होती, आत वाचली कधी नव्हती. पहिले अठरा मुद्दे इंजिन, ब्रेक, मायलेज असे होते. एकोणिसाव्यापासून त्यांचा वाचायचा वेग कमी झाला. मागची सीट जमिनीपासून किती उंच? मागे धरायला दांडी आहे का? साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी बसते का? सायलेन्सरचा चटका मागच्याच्या पायाला लागतो का? एकोणीस ते एकेचाळीस, एकूण तेवीस मुद्दे, आणि सगळे मागच्या सीटचे. शेवटचा तांबड्या शाईत होता: 'आरशात मागे बसलेल्या व्यक्तीचा चेहरा दिसतो का?' त्यासमोर आजच्या तारखेनं टिपलेलं होतं. उंट: होय, पूर्ण. पालथी: नाही, स्वतःचा दंड दिसतो. आरामखुर्ची: नाही, कोपर दिसतं. खाली शेरा होता: 'हा मुद्दा अनिवार्य. यात नापास झाल्यास इतर गुण विचारात घेऊ नयेत.'

कंपन्यांची नावं खोडून त्यांनी सरकारी तक्त्यात चक्क उंट, पालथी आणि आरामखुर्ची असं लिहिलं होतं.

माधवीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते ओढणीनं टिपले, फाइल मिटली आणि नवऱ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, टाकी पुसून पुसून रंग जाईल तिचा."

सुधीररावांनी फाइल पाहिली आणि ते ओशाळले. "तेवढं एक दिसलं पाहिजे मला," ते हळूच म्हणाले. "मागं तू आहेस की नाहीस ते. परत तसं नको व्हायला. पाय काय, टेकतील."

"माझीही चूक होतीच त्यात," माधवीबाई म्हणाल्या.

"तुझी कसली?"

"वीस वर्षं मी त्या स्कूटरवर मागची स्टेपनी धरून बसले. तुमच्या आई गॅलरीत उभ्या असायच्या, तुमच्या खांद्यावर हात ठेवायची लाज वाटायची मला. पुढं त्या गेल्या, पण माझी सवय काही गेली नाही. मी आहे काय आणि नाही काय, तुम्हाला कळावं तरी कसं?"

सुधीररावांना हे कधी सुचलंच नव्हतं.

"बेटा फैजान," माधवीबाईंनी वळून हाक मारली, "वो आरामखुर्ची निकालो. और दो हेल्मेट लाओ."

"अगं पण मुद्दा एकेचाळीस..."

"रद्द," माधवीबाई म्हणाल्या. "बसा पुढं."

रेणू लाडवांची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिला हसू येत होतं आणि रडूही. सुधीरराव बसले, दोन्ही पाय टेकवले. मागे गाडी जराशी दबली. मग त्यांच्या उजव्या खांद्यावर एक हात आला. लग्नाला एकतीस वर्षं झालेला हा माणूस कानापर्यंत लाल झाला.

"बसले," माधवीबाई म्हणाल्या. "सोडा गाडी."

आरामखुर्ची धडधडत कुकटपल्लीच्या रस्त्याला लागली. सुधीररावांचं सगळं लक्ष खांद्यावर. ना ते बोलत होते, ना इकडेतिकडे बघत होते. दोन दुकानं गेली, तिसरं गेलं, आणि अचानक खांद्यावरचा हात निघाला.

सुधीररावांनी तिथल्या तिथे ब्रेक दाबला. मागचा स्कूटरवाला तेलुगूत काहीतरी ओरडून बाजूनं गेला.

"काय झालं? पडलीस का?"

"ओढणी सावरत होते."

"सांगून सावर की! केवढा घाबरलो मी."

"बघत होते," माधवीबाई म्हणाल्या, "कळतं का ते."

त्यांनी हात परत खांद्यावर ठेवला, या वेळी घट्ट. मग पुढे झुकून हेल्मेटपाशी तोंड नेलं. "आता गप्प नका बसू. त्या दिवशी गीझरचं काय सांगत होता तुम्ही? माझं सगळं ऐकायचं राहिलंय."

 सुधीररावांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि पहिल्या कोटेशनपासून सुरुवात केली.